टाका लहान-मोठा का पडतो?

कपाशीच्या मुलखात, म्हणजे आपल्या खान्देशात, गोधडी घरचीच. हाताने शिवताना एकच दोरा धावतो आणि टाक्याचं माप बोटांना ठाऊक असतं. तीच गोधडी मशीनवर घेतली की सरळ शिलाई झकास येते. वेलबुट्टी काढायला गेलं की एक टाका तिळाएवढा, पुढचा गव्हाएवढा.

सरळ शिलाईत माप दाते, म्हणजे सुईखालच्या पट्टीतून डोकावणारी करवतीसारखी पट्टी, सांभाळतात. सुई वर गेली की ते कापड ठरावीक अंतर पुढे सरकवतात. नक्षीसाठी मात्र दाते खाली घेतात (तशी सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवतात) आणि कापड हाताने फिरवतात. मग हिशेब साधा: हाताचा वेग भागिले सुईचा वेग. मिनिटाला ६०० टाके, म्हणजे सेकंदाला १०. त्या सेकंदात कापड २५ मिलिमीटर सरकलं तर टाका अडीच मिलिमीटरचा. हात दुप्पट पळाला की पाचचा.

गंमत टोकावर होते. पानाच्या टोकाशी हात आपोआप थबकतो, पण मशीनचं जड चाक जडत्वामुळे फिरतच राहतं आणि तिथे बारीक टाक्यांची गाठ साचते. म्हणून हात मंदावण्याआधी पाय मंदावला पाहिजे. काही नव्या मशीनमध्ये सेन्सर कापडाची हालचाल मोजून मोटरचा वेग बदलतो. शिकायला मला तरी पायमशीनच बरी वाटते; ताल पायात बसतो.

उलट्या बाजूला, वळणावर, वरच्या दोऱ्याचे फासे दिसले की आपण लगेच टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा, स्क्रू पिळतो. वरचा आणि बॉबीनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा थरांच्या मधोमध अडकायला हवेत, हे खरं. पण सरळ रेषेत शिलाई ठीक असेल, तर दोष बहुधा हाताचा: गोलाईत कापड झपकन फिरलं की बॉबीनचा दोरा वळण सोडून आतून सरळ ताणला जातो. सुईही वाकते, शटलच्या, म्हणजे खाली वरचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या, टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही, टाका सुटतो. जाड थरांना १४ नंबरची सुई, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची, किंवा १६ नंबरची, १ मिलिमीटरची, घ्यावी.

आणि वजन! टेबलावरून लोंबणारी गोधडी स्वतःच्या भाराने कापड मागे ओढते. हात सारखाच चालला तरी टाके आखडतात. मशीनच्या डावीकडे आणि मागे बाज लावून गोधडी तिच्यावर पसरावी. थर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून आधी चार-चार बोटांच्या अंतरावर कच्चे टाके घालावेत. वरचं लुगडं जुनं, गुळगुळीत असेल तर त्याहून जवळ.