थंडी ‘ऐकणारी’ भाषा

११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याला किलिमांजारोच्या माथ्यावर काहीतरी पांढरेशुभ्र चमकताना दिसले. प्रथम त्याला तो ढग वाटला. बरोबरच्या वाटाड्याने मात्र त्याचे वर्णन एकाच शब्दात केले : ‘बारिदी’, म्हणजे पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत थंडी. हा बर्फच असणार, हे रेबमानने ओळखले; पण विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला बर्फ असू शकतो, यावर लंडनमधील विल्यम कूली या भूगोलतज्ज्ञाने पुढे कितीतरी वर्षे विश्वास ठेवला नाही. वाटाड्याचे उत्तर अपुरे होते असे मला वाटत नाही. जे डोळ्यांना दिसत होते, त्याला त्याने त्वचेला कळणाऱ्या गुणाचे नाव दिले, इतकेच. आज स्वाहिलीत बर्फासाठी ‘थेलुजी’ आणि ‘बाराफू’ असे दोन शब्द आहेत. पहिला अरबीतून आला, तर दुसरा मुळात फारसी, म्हणजे आपल्या ‘बर्फ’चा सख्खा भाऊ. खुद्द ‘बारिदी’ हा शब्दही अरबीतूनच आलेला आहे.

तापमानाविषयी माणसे तीन निरनिराळ्या गोष्टी बोलतात, हा भेद स्टॉकहोमच्या भाषाशास्त्रज्ञ मारिया कोप्चेव्स्काया-ताम यांनी नेमकेपणाने मांडला आहे : हाताला लागणारे तापमान, भोवतालच्या हवेचे तापमान आणि स्वतःच्या अंगाला जाणवणारे तापमान. स्वाहिली शिकू लागलेल्याने हा भेद पहिल्याच आठवड्यात लक्षात घेतलेला बरा, कारण तिथे या तिन्हींची वाक्ये वेगवेगळ्या साच्यांत बसतात. गरम पाणी म्हणजे ‘माजी या मोतो’, शब्दशः ‘आगीचे पाणी’. गरम जेवण म्हणजे ‘चाकुला चा मोतो’. यातील ‘या’ आणि ‘चा’ हे आपल्या ‘चा-ची-चे’प्रमाणे नामाच्या वर्गानुसार बदलतात. हवेत उकाडा असेल तर ‘कुना जोतो’, म्हणजे ‘उष्णता आहे’. आणि मला उकडत असेल तर ‘नासिकिया जोतो’. इंग्रजीच्या सवयीने ‘मिमी नी बारिदी’ असे जुळवणारा नवशिका प्रत्यक्षात ‘मी थंडी आहे’ असे सांगत असतो.

‘नासिकिया’ या रूपापाशी थोडे थांबायला हवे. ‘नि’ म्हणजे मी, ‘ना’ हा वर्तमानकाळाचा प्रत्यय आणि ‘सिकिया’ हा धातू. रोजच्या बोलण्यात पहिला ‘नि’ गळतो. ‘सिकिया’चा मूळ अर्थ ऐकणे, आणि कानाला ‘सिकियो’ म्हणतात. म्हणजे ‘नासिकिया बारिदी’ याचा शब्दशः अर्थ ‘मी थंडी ऐकतो’ असा होतो. वासही तसाच : ‘नासिकिया हारुफू’, मला वास ‘ऐकू’ येतो. स्वाहिली ज्या बांतू या आफ्रिकी भाषाकुळातली, त्यात ही रीत एकट्या तिची नाही. झुलू भाषेतील ‘उकूझ्वा’ हे क्रियापदही ऐकणे, जाणवणे, चव कळणे आणि वास येणे या सर्वांसाठी चालते. दृष्टी एका बाजूला आणि उरलेल्या बहुतेक संवेदना दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी वाटते खरी, पण तीही पक्की नाही, कारण ‘नाओना बारिदी’, म्हणजे ‘मला थंडी दिसते’, असेही लोक सहज म्हणतात. मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे थंडी ‘वाजते’. तिथे कोणी ती ऐकतो, एवढाच फरक.

अर्थात, स्वाहिली बोलणाऱ्याच्या त्वचेत काही वेगळे घडत नाही. त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांवर प्रथिनांच्या सूक्ष्म झडपा असतात. टीआरपीव्ही-१ नावाची झडप सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडते, आणि मिरचीतील कॅप्सेसिननेही उघडते. टीआरपीएम-८ ही गारव्याने आणि पुदिन्यातील मेंथॉलने उघडते. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस, तर थंडीच्या आणि मुख्यतः स्पर्शाच्या झडपांच्या शोधांसाठी आर्देम पातापूतियान, अशा दोघांना २०२१चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. उन्हाला आणि मिरचीला स्वाहिलीत एकच विशेषण आहे, ‘काली’ : ‘जुआ काली’ म्हणजे कडक ऊन, ‘पिलिपिली काली’ म्हणजे जहाल मिरची. तरी मिरचीने उघडणाऱ्या टीआरपीव्ही-१ झडपेचा त्याच्याशी संबंध जोडण्याचा मोह आवरावा. तोच शब्द चिडक्या कुत्र्याला आणि धारदार सुरीलाही लागतो.

वर सांगितलेले तीन भेद केवळ व्याकरणातले नाहीत, हे तापात समजते. रोगजंतूंशी झुंजताना शरीरात तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन मेंदूतील हायपोथॅलॅमस या तापमान सांभाळणाऱ्या भागावर परिणाम करते आणि शरीराचे ‘ठरलेले’ तापमान समजा ३७ वरून ३९ अंशांवर नेऊन ठेवते. रक्त अजून ३७.५ वर असेल, तर मेंदूच्या हिशेबी ते गारच. म्हणून त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायू थरथरतात आणि दातावर दात आपटतात. पुढे ताप चढला की आईच्या तळहाताला मुलाचे कपाळ चटका देते, पण मूल मात्र दुसरे पांघरूण मागत असते. ‘नीना होमा, नासिकिया बारिदी’ : माझ्याजवळ ताप आहे, मी थंडी ऐकतो. ताप ‘जवळ’ असतो, थंडी ‘ऐकली’ जाते, आणि दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात. भूक आणि तहानही अशीच जवळ बाळगली जातात : ‘नीना न्जा’, ‘नीना किऊ’.

दुखणे मात्र चावते. ‘उमा’ म्हणजे चावणे, आणि ‘किच्वा किनानिउमा’ म्हणजे डोके मला चावते आहे. डोके दुखते हे सांगायला हेच वाक्य वापरतात. त्याच धातूचे कर्मणी रूप ‘नाउम्वा’, म्हणजे जणू ‘मी चावला जात आहे’, हे ‘मी आजारी आहे’ या अर्थी चालते. ऐकणारा लगेच ‘पोले साना’ म्हणून हळहळ व्यक्त करतो.

शब्दकोशाने भागत नाही अशी एक जागा उरते, ती म्हणजे दुकान. नैरोबीत किंवा दार-एस-सलाममध्ये सोडा मागितला की ‘बारिदी की मोतो?’ या अर्थाचा प्रश्न येतो. इथे ‘मोतो’ म्हणजे उकळता नव्हे, तर फ्रिजबाहेर फळीवर ठेवलेला.