चोरकप्पा

चोरकप्पा म्हणजे पेटी, कपाट, मेज अशा लाकडी वस्तूत बाहेरून न दिसणारा, ठरावीक कळ दाबल्याशिवाय न उघडणारा कप्पा. कुलूप लावले की आत मोलाचे काही आहे हे कळतेच. चोरकप्प्यात तो संशयही येऊ द्यायचा नसतो.

गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली सतराव्या शतकात घडलेली ‘कोंतादोर’ ही अनेक खणांची कपाटे प्रसिद्ध आहेत. सागवानावर काळ्या लाकडाचे व हस्तिदंताचे जडावकाम, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे आणि नागिणीच्या आकाराचे पाय ही त्यांची ओळख. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत. समोरून दोन-तीन खण दिसावेत आणि ओढल्यावर एकच मोठा खण निघावा, असे या कपाटांत सर्रास आढळते. हेतू नक्षीचा तोल राखण्याचा असला, तरी डोळ्यांना चकवण्याची विद्या तीच.

सर्वांत सोपी रीत आखूड खणाची. कपाट 45 सेंमी खोल आणि खण 30 सेंमीचा ठेवला, की मागे डबीएवढी जागा उरते. ती अडवायला बांबूची लवचीक कामटी खाचेत बसवतात; बारीक भोकातून सुई खुपसली की कामटी दबते आणि डबी मोकळी होते. दुसऱ्या रीतीत पितळी खिळा आपल्याच वजनाने भोकात पडून अडसर होतो. पेटी उलटी केल्याशिवाय तो निघत नाही. खोटा तळ मात्र लवकर पकडला जातो, कारण ठोकल्यावर तो पोकळ वाजतो.

गोव्यात मेस्ताची, म्हणजे सुताराची, खरी परीक्षा पावसाळ्यात होते. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडवे मात्र फुगते. मे महिन्यात चपखल बसवलेली सरकफळी जुलैत जागची हलेनाशी होते. म्हणून लाकूड नीट वाळवून घेतात, फळी लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे लांबीच्या, दिशेने सरकेल अशी बसवतात आणि रुंदीत किंचित फट सोडतात. ही फट लपवणे हेच सगळ्यांत कौशल्याचे काम. बहुधा ती नक्षीच्या काठाखाली जाते. तेलावर धूळ धरते, त्यामुळे खाचेला मेण बरे. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, तेव्हा आतले सुटे भाग पितळेचे.

चोरकप्पा शोधायला टेप पुरतो: बाहेरचे आणि आतले माप घ्यावे, फरक फळ्यांच्या जाडीहून जास्त निघाला तर मागे काहीतरी आहे. पटाशीने उचकटू मात्र नये. कामटी तुटली तर पाठची फळी उतरवावी लागते.