पुण्याच्या टेकड्या: वहिवाट, राखीव वन आणि आठ टक्क्यांचा पेच

वेताळ टेकडी, तळजाई किंवा बाणेर-पाषाणची टेकडी चढताना पायाखालची जमीन सलग वाटते. कागदावर मात्र ती निदान तीन प्रकारची आहे. काही भाग वनखात्याचा, राखीव वन म्हणून अधिसूचित झालेला. काही महापालिकेच्या ताब्यातला. उरलेला खासगी, सातबाऱ्यावर कुणाचे तरी नाव असलेला, पण विकास आराखड्यात बीडीपी (जैववैविध्य उद्यान) किंवा हिलटॉप-हिलस्लोप (टेकडीमाथा आणि उतार) म्हणून रंगवलेला. पायवाट या तिन्हींतून जाते, आणि हद्द ओलांडली की लागू होणारा कायदाही बदलतो.

वनखात्याच्या भागापुरते बोलायचे तर १९२७ चा भारतीय वन अधिनियम अजूनही पाया आहे. संरक्षित वनात ज्याला मनाई नाही ते चालते. राखीव वनात ज्याला परवानगी नाही ते चालत नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणे हाच कलम २६ खाली गुन्हा ठरू शकतो. ‘आम्ही चाळीस वर्षे इथे फिरतो’ हा मुद्दा बैठकांत हमखास येतो. सुखाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यात खासगी जमिनीवर वीस आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षांच्या अखंड वापराने वाटेचा हक्क मिळू शकतो हे खरे. पण वन अधिनियमाचे कलम २३ राखीव वनात ती दारे बंद करते: वारसा, किंवा सरकारने अथवा अधिसूचनेवेळी हक्क असलेल्याने लेखी दिलेला हक्क, एवढेच. रूढ वाटसुद्धा कलम २५ खाली बंद करता येते. फक्त सोयीची पर्यायी वाट असायला किंवा द्यायला हवी. वाट अडवली गेल्यावर वहिवाटीपेक्षा या पर्यायी वाटेचा प्रश्न लावून धरणारे बहुधा जास्त मिळवतात. रोजचे फिरणे चालते ते हक्काने नव्हे, खात्याच्या समजुतीने.

टेकड्यांच्या पायथ्याशी दाट वस्ती झाली ती मुख्यतः १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर. गोखलेनगर, सहकारनगर हे भाग पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून वाढले. त्याआधी टेकडी म्हणजे चराई, सरपण आणि दगडाच्या खाणी. वेताळ टेकडीवरची पाणी साठलेली खाण त्याच काळाची खूण. नंतर हिरवाईसाठी वनीकरण झाले आणि त्यात गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाला झुकते माप मिळाले. कारण साधे: फांदी खोचली तरी ते फुटते, झपाट्याने वाढते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पातळ मुरमाच्या थरावर मुळात गवत आणि त्यात विखुरलेले सालई, मोई, गणेर, पांगारा असे रूप होते. गिरिपुष्पाच्या दाट सावलीत ते गवत मागे हटले. लांबून हिरव्या दिसणाऱ्या टेकडीला सरसकट ‘जंगल’ म्हणणे त्यामुळे जरा घाईचे आहे.

बांधकामबंदीचा इतिहास १९८७ च्या विकास आराखड्यापासून वाचला तरी पुरतो. त्यात टेकडीमाथा आणि उतार वेगळा दाखवला गेला. सोबत १:५ चा नियम आहे: पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर किंवा त्याहून जास्त चढ असेल, म्हणजे सुमारे ११ अंशांचा उतार असेल, तर बांधकाम नाही. नियम सोपा, मोजणी नाही. समजा, प्लॉट उताराच्या दिशेने १०० मीटर लांब आहे आणि एकूण चढ १८ मीटर. सरासरी काढली तर सुमारे १:५.६ येते, म्हणजे प्लॉट ‘मोकळा’. प्रत्यक्षात खालच्या ६० मीटरांत चढ फक्त ४ मीटरचा आणि वरच्या ४० मीटरांत १४ मीटरचा असू शकतो. वरचा भाग १:३ पेक्षाही तीव्र, पण सरासरीत बुडून जातो. म्हणून उंचीत एक-एक मीटर अंतर असलेल्या समपातळी रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मागावा. दोन लगतच्या रेषांमधले आडवे अंतर पाच मीटर किंवा त्याहून कमी आहे तो सगळा पट्टा बंदीत, इतके ते सरळ आहे. दुसरी चलाखी पायथ्याशी होते: आधी जेसीबीने उतार कापायचा, भराव टाकून सपाटी करायची आणि मग मोजणीला बोलवायचे. अशा वेळी जुने सर्वेक्षण नकाशे आणि उपग्रह प्रतिमा हाताशी नसतील तर तक्रार टिकत नाही. पावसाळ्यात तो कापलेला उभा मुरूम खालच्या सोसायटीच्या भिंतीवर येतो, तो भाग निराळा.

खरा गुंता बीडीपीचा. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत आली, त्यांतली १५ पुढे वगळली गेली आणि २३ उरली. या गावांच्या प्रारूप आराखड्यात टेकड्यांवरचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी दाखवण्यात आले. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ भांडण चालले ते वरकरणी पर्यावरणाचे, आतून आरक्षण की झोन याचे. झोन असेल तर जमीन मालकाकडेच राहते, फक्त वापरावर बंधन येते आणि ती संपादन करण्याची जबाबदारी कुणावर पडत नाही. आरक्षण असेल तर भरपाई देऊन ताबा घ्यावा लागतो, आणि प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ चे घड्याळ सुरू होते: आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन नाही झाले, तर मालक खरेदी सूचना देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल नसेल तर आरक्षणच गळून पडते. टेकडी वाचवू पाहणाऱ्यांना सुरुवातीला आरक्षण हा शब्द भक्कम वाटला. पैसे न ठेवता टाकलेले आरक्षण उलट जास्त ठिसूळ असते.

२०१५ मध्ये राज्य सरकारने बीडीपी कायम केला, बांधकाम शून्य ठेवले आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. बातमी ‘टेकड्या वाचल्या’ अशी झाली. आकडेमोड पाहू. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन सोडली की मालकाला ८०० चौरस मीटर टीडीआर. जानेवारी २०१६ च्या टीडीआर नियमांत इतर आरक्षणांना विरळ वस्तीच्या भागात जमिनीच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट मोबदला आहे. तेवढीच जमीन शाळेच्या आरक्षणात असती तर २०,००० चौरस मीटर मिळाले असते. पंचवीसपटीचा फरक! त्यातही टीडीआर वापरताना जिथून तो निर्माण झाला त्या जमिनीचा रेडीरेकनर दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर, असे गुणोत्तर लागते. टेकडीचा दर वापराच्या जागेच्या एक चतुर्थांश असेल तर ८०० चे २०० चौरस मीटरच उरतात. मालक पुढे आले नाहीत यात नवल काही नाही, आणि त्यांना फक्त लोभी म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तपासून घेण्यासारखा आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाचा हक्क मुळातच नव्हता. मग जे नव्हते त्याची पूर्ण भरपाई का द्यायची? हा मुद्दा वजनदार आहे. पण ९७८ हेक्टरमध्ये सगळीच जमीन तीव्र उताराची नाही. माथ्यावरचे सपाट तुकडे आहेत आणि काही भाग सरकारीही आहे. उतारानुसार वेगवेगळा मोबदला ठरला असता तर निम्मा वाद तेव्हाच मिटला असता. सरसकट आठ टक्क्यांनी तो लांबवला. दरम्यान गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार नोटरीवर होत राहिले, पत्र्याचे कुंपण उभे राहिले, आत खोल्या उठल्या. सकाळी फिरणाऱ्यांच्या वाटा सर्वांत आधी तुटल्या त्या इथे, वनखात्याच्या हद्दीत नव्हे.

अलीकडे लक्ष वेताळ टेकडीवरून नेण्याच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याकडे वळले. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. बीडीपी आणि हिलटॉप-हिलस्लोप यांसाठी एकच धोरण असावे यासाठी २०२५ मध्ये सरकारने समिती नेमली. तिथेही खरा प्रश्न मोबदल्याचाच आहे.

टेकडीला लागून राहणाऱ्यांनी तीन कागद शेजारी ठेवून पाहावेत: आराखड्याचे पान, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा आणि वनखात्याचा कक्ष नकाशा. हद्दी बऱ्याचदा जुळत नाहीत. प्रत्यक्ष जागेवर वनहद्दीचे बुरूज, म्हणजे हद्दीच्या खुणा, शोधावेत. त्यांवर क्रमांक रंगवलेले असतात आणि बुरूज सरकवले गेले असतील तर क्रमांकांतले अंतर नकाशाशी विसंगत येते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) त्याआधी काढून व्हायला हवी, आणि सोसायटीच्या कुंपणाबाहेर पालापाचोळा पेटवण्याची सवय या चार महिन्यांत तर अजिबात नको.