मरणाऱ्याची शुश्रूषा आणि अडून राहिलेलं मॉर्फिन

'आता घरी न्या' हे वाक्य कर्करोगाच्या कितीतरी घरांनी ऐकलेलं आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. पण माणूस तर अजून जगत असतो. त्याला दुखत असतं, झोप लागत नसते, जखमेला वास येत असतो, आणि हे सगळं रात्री-अपरात्री बघायला असते बायको, नाहीतर सून. त्या वाक्यानंतरच्या दिवसांचा विचार आपल्याकडे संघटितपणे सुरू झाला तो फार उशिरा.

मरणाऱ्याला आसरा देणं आपल्याला नवं नव्हतं. काशीत मुक्तिभवन होतं. मदर तेरेसांनी १९५२ मध्ये कालीघाटला निर्मल हृदय सुरू केलं. तिथे छप्पर होतं, सोबत होती. मात्र वेदना हा स्वतंत्रपणे उपचार करण्याचा विषय आहे, ही दृष्टी लंडनहून आली. सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, उघडलं. दुखायला लागल्यावर औषध देण्यापेक्षा दुखणं परतायच्या आत, घड्याळ बघून मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. शरीराच्या वेदनेत मनाची, पैशाची, घरच्यांच्या काळजीची आणि देवावरच्या रागाची वेदनाही मिसळलेली असते, असं त्या सांगत.

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतलं. टाटा मेमोरियलमधले कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीतही झाल्या. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यांनी पहिल्यापासून पाळलं.

काळ मात्र वाईट होता. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला होता. हेतू तस्करीला आळा घालण्याचा, पण शिक्षा इतक्या कडक की साध्या नोंदीतल्या चुकीनेही डॉक्टर आणि औषधविक्रेते धास्तावले. मॉर्फिन ठेवायला एकाहून अधिक परवाने लागत, ते वेगवेगळ्या खात्यांकडून मिळवावे लागत, आणि सगळे एकाच वेळी वैध असावे लागत. शेवटचा परवाना हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. रुग्णालयांनी सरळ नाद सोडला. वर्षाला शेकडो किलोंच्या घरात असलेला देशातला मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत १८ किलोंवर आला.

हे वाचून संताप येतो, आणि यावाच. कारण अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि तिथून ती परदेशात जाते. आपली अफू परदेशी रुग्णांच्या वेदना शमवत होती आणि आपला रुग्ण पॅरासिटामॉलवर तळमळत होता. याहून खोल नुकसान वैद्यकीय महाविद्यालयांत झालं. मॉर्फिनची एकही चिठ्ठी न लिहिता डॉक्टरांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या. 'सवय लागेल' ही भीती त्यांच्यात इतकी मुरली, की आठवडे मोजणाऱ्या माणसालाही व्यसनाच्या भयाने औषध नाकारलं जाई.

वाट काढली ती केरळने. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह वेदनाशमन केंद्र सुरू केलं. पुढे गावोगावचे स्वयंसेवक शिकून तयार झाले आणि घरी जाऊन रुग्णाला बघू लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने अशा शुश्रूषेचं धोरणच जाहीर केलं. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे अनेक जण कायद्यासाठीही वर्षानुवर्षं झगडत राहिले. अखेर २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, आणि मॉर्फिनसह सहा औषधांसाठी देशभर एकसारखे, सोपे नियम आले.

महाराष्ट्रात पुण्याला वारजे इथे १९९७ पासून सिप्ला या औषध कंपनीचं अशाच शुश्रूषेचं केंद्र विनामूल्य चालतं. तिथे घरच्या माणसालाही शुश्रूषा शिकवतात. माझ्या मते रुग्णाच्या खाटेइतकंच हे मोलाचं आहे, कारण बहुतेकांचे शेवटचे दिवस घरीच जातात.

बोलण्याचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नव्हता. 'डॉक्टर, बाबांना काही सांगू नका' ही विनवणी प्रेमापोटीच असते. बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं, आणि तेही मुलांना जपायचं म्हणून गप्प असतात. कुणी विषय काढलाच, तर 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून त्याचं तोंड बंद होतं. मग कर्ज कुणाचं द्यायचंय, कुणाला भेटायचंय, व्हेंटिलेटर हवा की नको, हे सगळं विचारायचं राहून जातं.

या शेवटच्या प्रश्नाला न्यायालयात वाचा फुटली, तीही मुंबईतूनच. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर, २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांची केलेली सेवा हा या इतिहासातला मोठा अध्याय आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा आहार थांबवायला नकार दिला, पण कडक अटींवर उपचार मागे घेण्याचं तत्त्व मान्य केलं. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, या दोन्हींना मान्यता दिली. इच्छापत्राची पद्धत इतकी किचकट होती की ती फारशी वापरातच आली नाही. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्या कागदावर लिहायची असतात. ती लिहिण्याआधी त्यांच्याशी एकदा बसून बोलावं लागतं, आणि बहुतेक घरांत हा विषय पहिल्यांदा निघतो तो तेव्हाच.