जेफरसनची पुस्तकं : दान नव्हे, विक्री

ब्रिटिशांनी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन जाळल्यावर माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसननं आपला सारा ग्रंथसंग्रह देशाला दान केला, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण खरी नाही.

ऑगस्ट १८१४मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, इमारत कॅपिटॉल पेटवली गेली, त्यात काँग्रेसचं ग्रंथालयही गेलं. जेफरसननं आपली पुस्तकं देऊ केली ती विकत. जानेवारी १८१५मध्ये काँग्रेसनं ६,४८७ खंड २३,९५० डॉलरना घेतले. तेही सुखासुखी नाही. प्रतिनिधिगृहात ठराव जेमतेम १० मतांनी तरला. परभाषांतली, तत्त्वज्ञानाची पुस्तकं आम्हाला कशाला, असा विरोधकांचा सूर. जेफरसनचं म्हणणं, लोकप्रतिनिधीला कधीच गरज पडणार नाही असा विषय नसतोच. (मला हे उत्तर दानापेक्षा मोठं वाटतं.) आलेल्या पैशातला बराच भाग कर्जफेडीत गेला, तरी मरताना तो कर्जबाजारीच होता.

आणि ते सगळे खंड आजही काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत, हेही चूक. २४ डिसेंबर १८५१च्या आगीत जवळपास दोन-तृतीयांश जळाले. आज दाखवला जाणारा संग्रह म्हणजे उरलेली मूळ पुस्तकं आणि त्याच आवृत्त्यांच्या शोधून आणलेल्या दुसऱ्या प्रती.