टायर चांगलेच आहेत, हवा कधी मोजताय ते सांगा
(परफॉर्मन्स टायर बसवून गेलेल्या आणि बसवायच्या विचारात असलेल्या ग्राहकांसाठी. घोडबंदर रोड, ठाणे)

सोमवार उजाडला की आमच्याकडे एक ठरलेली तक्रार येते. गाडी वेगळी, माणूस वेगळा, पण वाक्य तेच: "टायर टाकल्यावर गाडी मस्त झाली होती, आता स्टिअरिंग ढिलं लागतंय, वळणावर गाडी लोळते, तुमचं अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) चुकलंय." मग गाडी आत घ्यायची, मशीन लावायचं, चारी चाकांचे आकडे हिरवे येतात, ग्राहक म्हणतो परत बघा, आम्ही परत बघतो, बाहेर दोन गाड्या हॉर्न मारत उभ्या असतात. शेवटी हवा मोजायचा गेज लावला की चारी टायरात २७-२८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढीच हवा. विचारलं की उत्तर पण ठरलेलं, "लोणावळ्याला गेलो होतो, गाडीच्या स्क्रीनवर हवा ३७ दाखवायला लागलं, घाबरून फूड मॉलला कमी करून घेतली."

त्यात अर्धा-पाऊण तास जातो, तुमचा पण आणि आमचा पण. म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय.

आधी हे टायर वेगळे का लागतात ते थोडक्यात, कारण तुम्ही पैसे त्याचेच दिलेत. कंपनीतून गाडीबरोबर येतो तो टायर बहुतेक वेळा अ‍ॅव्हरेज, आराम आणि जास्त किलोमीटर हे तिन्ही सांभाळायला बनवलेला असतो. परफॉर्मन्स टायरमध्ये रबर मऊ असतं, बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल कडक असते आणि जमिनीला टेकणारे ठोकळे मोठे आणि घट्ट असतात, त्यामुळे ते इकडेतिकडे मुरगळत नाहीत. स्टिअरिंग वळवल्यावर आधी साइडवॉल वाकते आणि मग गाडी वळते, हा जो मधला क्षण आहे तो कडक साइडवॉलमुळे कमी होतो. सैल स्लीपर घालून जिना उतरणं आणि नाडी बांधलेला बूट घालून उतरणं, तेवढाच फरक. आय-ट्वेंटी एन लाइनचा १९५/५५ आर १६ घ्या किंवा व्हर्टस-स्लाव्हियाचा २०५/५५ आर १६ घ्या, साइज तीच ठेवून नुसता टायरचा प्रकार बदलला तरी पहिल्याच फ्लायओव्हरच्या वळणावर कळतं. स्टिअरिंग थोडं जड लागतं, गाडी सांगितलं तिथे जाते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की जो विश्वास वाटतो तो वेगळाच.

पण हा सगळा फील रबराच्या जोडीने आतल्या हवेवर उभा आहे. साइडवॉल कितीही कडक असली तरी गाडीचं वजन उचलते ती हवाच. चार-पाच पीएसआय कमी झाले की महागडा टायर स्वस्त टायरसारखा वागायला लागतो, किंबहुना त्याहून वाईट, कारण तुमच्या डोक्यात अजून तो महागडाच असतो आणि तुम्ही त्याच स्पीडने वळणात जाता.

आता ३७ चा हिशोब. तुमच्या गाडीच्या स्टिकरवर ३२ लिहिलंय म्हणजे थंड टायरला ३२. थंड म्हणजे एसीत ठेवलेला नाही, तर गाडी निदान तीन तास उभी आहे किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चालवून आणलीय असा टायर. सकाळी पार्किंगमध्ये टायर २५ डिग्रीला होता, मुंब्रा बायपास, कळंबोली करून एक्सप्रेसवेला लागलात, तासभर शंभरच्या आत-बाहेर चालवलीत, टायरच्या आतली हवा ५५ डिग्रीपर्यंत गेली, की तेच ३२ आपोआप ३६-३७ होतात. साधारण सहा डिग्रीला एक पीएसआय एवढं लक्षात ठेवा. हे होणारच आहे. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरूनच ३२ लिहिलंय. त्यात बिघाड काही नाही आणि टायर फुटत पण नाही.

तुम्ही काय करता, त्या गरम टायरमधून हवा सोडून स्क्रीनवर ३२ आणता. छान वाटतं. रात्री गाडी सोसायटीत उभी राहते, टायर थंड होतो, सकाळी त्यात २७-२८ उरलेले असतात. कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, तापला की स्क्रीनवर परत आकडा वर जातो, आणि आमचे काही ग्राहक परत कमी करून घेतात. टायर फुटतो तो या रस्त्याने. समृद्धीवर सलग काँक्रीट आणि गाड्यांना १२० ची मर्यादा, तिथे एप्रिल-मेच्या दुपारी कमी हवेचा टायर घेऊन जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

म्हणून गरम टायरची हवा सोडायची नाही. अगदी ३८ दिसले तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना मोजा, तेव्हा जास्त निघाली तर जरूर कमी करा.

इथे आमच्यावर होणाऱ्या एका आरोपाबद्दल पण बोलून घेतो. तुम्ही दुपारी दोनला मानपाड्याहून ट्रॅफिकमध्ये तापलेली गाडी घेऊन येता, आम्ही ३५ भरतो, तुम्ही म्हणता स्टिकरवर ३२ आहे तुम्ही जास्त का भरली, एकाने तर समोर उभं राहून कमी करायला लावली आणि वर शिकवून गेला. आम्ही गरम टायरला मुद्दाम तीन जास्त भरतो म्हणजे थंड झाल्यावर बरोबर आकड्याच्या आसपास येईल, आणि बिलावर "गरम" असं लिहून देतो. हा अंदाज आहे हे मान्य, म्हणूनच प्रत्येकाला सांगतो की एकदा सकाळी येऊन फायनल सेट करून घ्या, टायर आमच्याकडून घेतले असतील तर त्याचे पैसे नाहीत. येतात फार थोडे. जे येतात त्यांची गाडी सोमवारच्या लायनीत दिसत नाही.

आकडा कुठला धरायचा यात पण घोळ आहे. टायरवर मॅक्स प्रेस म्हणून ४४ किंवा ५० च्या आसपास जे लिहिलेलं असतं ती टायरची हद्द, तुमच्या गाडीचा आकडा नाही. तो वाचून ४२ भरून आलेले ग्राहक बघितलेत, गाडी काँक्रीटच्या प्रत्येक जॉइंटवर टणाटण उडते, टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो, ओल्यात ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि तक्रार काय तर परफॉर्मन्स टायर फार कडक असतात. तुमचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर आहे, आणि तिथे दोन रकाने असतात, कमी माणसं आणि फुल लोड. पाच जण आणि बॅगा घेऊन कोकणात चाललात तर दुसरा रकाना वाचा. कुठल्या गाडीत मागच्याला बराच जास्त आकडा असतो. पंपावरचा पोरगा चारीला सरसकट ३५ मारतो त्याचा दोष नाही, तुम्ही गाडीतून न उतरता "हवा चेक कर" म्हटल्यावर तो तरी काय करणार.

साइज बदलली असेल तर मात्र स्टिकर जसाच्या तसा चालत नाही, टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा अंक) बघून आकडा काढावा लागतो, तो आम्ही काढून देतो आणि कार्डावर लिहून देतो. ते कार्ड ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर परत परत विचारू नका (विचारलंत तरी सांगू, पण दुकानात गडबड असते).

पावसाळ्यात आणखी एक प्रकार चालतो. कोणीतरी सांगितलेलं असतं की पावसात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते. वाळूत, चिखलात ते खरं आहे. डांबरावर साचलेल्या पाण्यात उलटं होतं, हवा कमी असली की टायर पाणी कापून खाली रस्त्याला टेकायच्या ऐवजी लवकर पाण्यावर तरंगायला लागतो. पाम बीच रोडला किंवा इस्टर्न एक्सप्रेसला जोराच्या सरीत स्टिअरिंग एकदम हलकं झाल्याचं ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. पावसात ग्रिप हवी असेल तर हवा स्टिकरप्रमाणे ठेवा आणि खाचांची खोली बघा. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतो, खाचेत आडवी उंच पट्टी असते तिच्या बरोबरीला रबर आलं की संपला. आमचं मत विचाराल तर परफॉर्मन्स टायर ३ मिमीला आला की जूनच्या आधी बदला. धंद्यासाठी सांगतोय असं वाटेल, थोडं आहेही, पण पाणी बाहेर टाकायचं काम त्या खाचाच करतात आणि उथळ खाचेत पाणी मावत नाही.

खड्ड्यांचं पण हवेशीच नातं आहे. गायमुख घाटात पावसाळ्यात रस्त्याची काय अवस्था होते ते तुम्हाला माहीत आहे. लो प्रोफाइल म्हणजे बुटक्या साइडवॉलच्या टायरमध्ये रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात अंतर मुळातच कमी, त्यात हवा कमी असली की साइडवॉल दोघांच्या मध्ये चेचली जाते, आतले दोरे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा रिपेअर होत नाही. कोणी करून देतो म्हणाला तरी करू नका. टायर कंपनीची वॉरंटी पण खड्ड्याच्या माराला साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे फुगा आल्यावर आमच्याशी वाद घालून उपयोग नाही. चाळणीच झालेल्या रस्त्याने रोज जायचं असेल तर सतरा इंची रिमचा हट्ट सोडा, आम्ही स्वतःहून पंधरा किंवा सोळावर चांगला टायर सुचवतो, स्वस्त पण पडतो. दिसायला रुबाब कमी, हे खरं.

नायट्रोजन भरला की हवा वाढत नाही असं समजून पण बरेच जण निवांत असतात. गरम झाल्यावर नायट्रोजनचा दाब पण तसाच वाढतो. साध्या हवेत पण ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा असतो, थोडा हळू कमी होतो एवढाच फायदा. आमच्याकडे आहे, हवा असेल तर भरा, पण महिन्यातून दोनदा मोजणं त्याने सुटत नाही.

आता बाकीच्या तक्रारी भराभर. नवीन टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाई करू नका, वरचा गुळगुळीत थर निघून जाऊ द्या, पहिल्याच रात्री अटल सेतूवर ट्रायल नको. आठवडाभर लोकलने जाता आणि गाडी सोसायटीच्या पोडियम पार्किंगला उभी असते, मग रविवारी सकाळी पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरतं, ते टायर एका जागी दबून बसल्यामुळे, तापला की जातं. पंधरा-वीस किलोमीटरनंतर पण राहिलं तर या, बॅलन्सिंग बघू. रेघा मारलेल्या काँक्रीटवर आवाज वाढतो आणि गाडी रेघ पकडून थोडी ओढते, रुंद आणि कडक टायरचा तो स्वभावच आहे. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे बसतील, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी, कारण ओल्यात मागचं चाक सुटलं तर सावरायला फार कमी लोकांना जमतं. यावर काउंटरला भांडण नको, आम्ही पुढे बसवून देत नाही.

आणि तारीख. टायरवर चार आकडी कोड असतो, ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. परफॉर्मन्स साइजचा माल रोज खपत नाही, त्यामुळे सहा-आठ महिन्यांपूर्वीचा टायर मिळाला तर तो जुना माल गळ्यात मारला असं समजू नका, नीट ठेवलेला टायर तेवढ्यात खराब होत नाही. आम्ही कोड आधी दाखवतो, मगच बसवतो.

ज्यांना मऊ, शांत, पन्नास हजार चालणारा टायर हवा त्यांना आम्ही परफॉर्मन्स टायर विकत नाही, टूरिंगचा दाखवतो. विकला असता तर बिल मोठं झालं असतं, पण मग तोच माणूस दर महिन्याला आवाजाची तक्रार घेऊन आला असता.

काउंटरला खिशात मावणारे डिजिटल गेज ठेवलेत, टायर घेणाऱ्यांना एक सोबत देतो, नुसता हवा असेल तर विकत पण मिळतो. काही गाड्यांत स्क्रीनवर आकडा येत नाही, फक्त पिवळा दिवा लागतो, त्यांनी तर घ्यावाच, आणि थंड टायरला हवा भरून झाली की सिस्टिम रिसेट करावी, नाहीतर दिवा तसाच राहतो आणि लोक टायर पंक्चर म्हणून आणतात.

हवा सेट करायला सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या, त्या वेळी लिफ्ट रिकामी असते. लांबून येणारे, म्हणजे ऐरोली, वाशी, खारघरवाले, त्यांचा टायर इथे पोचेपर्यंत तापणारच, त्यांनी घरीच निघायच्या आधी गेज लावून चारी आकडे फोनवर लिहून आणा, त्यावरून आम्ही बरोबर सेट करतो. आणि अलाइनमेंटची तक्रार असेल तर आधी ते चार आकडे पाठवा, गाडी नंतर आणा.