मोठे टायर, थरथर आणि अलाइनमेंटचा गैरसमज

जीपला 33 इंची मड टायर लावून बडोद्याहून अहमदाबाद एक्सप्रेसवेला लागलं, की ताशी नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग ठरलेला सल्ला मिळतो, "अलाइनमेंट करून घ्या भाऊ." अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात, ठरावीक वेगाला येणारी थरथर सहसा त्यामुळे नसते.

33 इंच व्यासाच्या टायरचा घेर साधारण 2.6 मीटर. ताशी 100 किमीला चाक सेकंदाला साडेदहा वेळा फिरतं. तेवढ्याच संथ तालात हादरे बसत असतील तर संशय चाकावर घ्या. हात थरथरले तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. बारीक, झिणझिण्यांसारखी थरथर, तीही गॅस देताना-सोडताना बदलणारी, बहुधा प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याची. लिफ्ट किट बसवून उंच केलेल्या गाडीत शाफ्टचा कोन आधी तपासा. त्याच वेगात क्लच दाबल्यावर थरथर थांबली, तर चाक निर्दोष.

रिमच्या आतला वाळका चिखल खरवडून काढा (निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात!), मगच बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं). तरीही फरक नाही? चाक जॅकवर उचला, टायरजवळ खडू स्थिर धरून हाताने फिरवा. फट दोन-तीन मिलिमीटरने कमीजास्त होत असेल तर टायर गोलच नाही, वजनं चिकटवून भागणार नाही. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा, पुन्हा मोजा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने.